तीन फुटी अक्षरं

पोरं आली तेव्हा मी टेम्पोची नंबरप्लेट रंगवत होतो.
तेवढंच उरलंय ब्रशला, बाकी सगळं फ्लेक्सनं खाल्लं.
एक लेस्टर परेरा, कॅम्पातला, केस पाठीवर,
दुसरा महांतेश, वडगावचा,
बोटं सारखी कशावर तरी वाजणारी.
"काका, पडदा पाहिजे. वीस बाय बारा. हातानं काढलेला."
"कसला कार्यक्रम?"
"रॉक."
मी म्हटलं, दगडांचा? हसली.
मग कागद पुढं केला:
लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डासाठी एक रात्र.
वर कानडी, खाली मराठी.
कानडी मोठं, नाहीतर परवानगी नाही.

चाळीस वर्षं या गावात अक्षरं काढली.
पाट्यांना डांबर फासलेलं बघितलं, दोन्ही बाजूंनी,
आणि त्याच पाट्या परत रंगवल्या, दोन्ही बाजूंचे पैसे घेऊन.
दारू लिहिली, देव लिहिले, बियाणं, निवडणूक,
"येथे लघवी करू नये" तर किती भिंतींवर.
हा शब्द कधी लिहिला नव्हता.

घरात तर नव्हताच तो.
शालनच्या वेळी आम्ही नुसतं 'ते' म्हणायचो.
'ते' मिरजेला दाखवलं.
'ते' पसरलंय म्हणाले.
तिच्या माहेरी कडोलीला सांगितलं, अल्सर आहे.
तिनं एकदाच विचारलं, रात्री, भिंतीकडं तोंड करून,
"नाव काय हो त्याचं?"
मी म्हटलं, झोप.

अंगणात कापड ताणलं. आधी कानडी.
गोल गोल अक्षरं, प्रत्येकाच्या डोक्यावर तुरा,
परातीत मांडलेल्या बेसनाच्या लाडवांसारखी.
ब्रश सरळ फिरला. हात कामात होता.
मराठीला मात्र क काढला आणि थांबलो.
चहा केला. प्यालो नाही.
शेवटी रेघ आधी ओढली, लांब,
आणि एकेक अक्षर तिला टांगत गेलो,
दोरीवर कपडे घालावेत तसं.

कार्यक्रम व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत.
इथं म्हणे पूर्वी देवीची लस व्हायची.
माझ्या बाबाच्या तोंडावर वण होते तिचे.
त्या रोगाला लोकांनी नावच असं दिलं
की शिवी देता येऊ नये.
तेव्हाही कुणी धड बोलत नव्हतं.

आणि मग महांतेशनं ढोलावर पाय मारला.
छातीत काहीतरी सरकलं.
ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते लवकर कळेना;
मग आठवलं, वडगावच्या गल्लीतले माग,
शंभर माग एकदम सुरू झाल्यावर जमीन अशीच थरथरते.
त्याची आई तिसऱ्या रांगेत, कानांवर पदर घट्ट,
आणि पाय मात्र बरोबर पडतोय, तिचं तिलाच ठाऊक नाही.
निलोफर सनदी गायली. एक शब्द समजला नाही.
ती मध्येच ओरडली, तेवढं समजलं.

दारापाशी कुंद्याचा रिकामा डबा, वर चीर पाडलेली.
माझी मजुरी खिशात होती, पाकीट फोडलेलं नव्हतं.
तसंच घातलं.
टेबलावरची पोरगी म्हणाली, काका, पावती.
कुणाच्या स्मरणार्थ लिहू?
म्हटलं, शालन परशराम मोदगेकर.
"काय झालं होतं त्यांना?"

तोंड उघडलं. जीभ तिथपर्यंत गेली.
मी बोट केलं पडद्याकडं.
तिनं मान वळवली, आणि मोठ्यानं वाचलं,
वाजपाच्या वरून ऐकू यावं म्हणून,
जवळजवळ ओरडूनच.

बरं वाटलं असं म्हणणार नाही.
दिव्यात पडदा हलत होता, अक्षरं श्वास घेतल्यासारखी,
आणि मला दिसलं,
"शेवटच्या र चा पाय वाकडा आलाय," मी म्हटलं,
"सकाळी येऊन सरळ करतो."
"काका," ती म्हणाली, "सकाळी पडदा काढणार की."